डिझेलच्या वासाचा टॉवेल

हे लिहिणारच नव्हतो. दुसऱ्याच्या घरातलं भांडण, आपण कशाला पडा मध्ये. पण डोक्यातून जातच नाय.

हिरामणकाका रेवसला डंपर चालवतो. केबिनमध्ये त्याने कुत्र्याचं पिल्लू पाळलेलं, डोळेही उघडले नव्हते तेव्हापासून. बाटलीने दूध तोच पाजायचा. केबिनमध्ये मुतलं की पाइपने हाणायचाही तोच. परवा तसंच हाणताना पिल्लाचा मागचा पाय मोडला. काकाचा मुलगा प्रणय माझा दोस्त. तो त्याला उचलून आमच्याकडे घेऊन आला.

आज सकाळी काका पिल्लू परत न्यायला आला. अंगणात उभा राहून खांद्यावरचा टॉवेल नुसता झटकला. डिझेल आणि तंबाखूचा वास. पिल्लू बांधलेला पाय ओढत गेलं आणि त्याच्या चपलेवर डोकं टाकून पडलं. शेपूट हलतेय.

शेजारची कमळकाकी हसली. म्हणे, किती जीव लावलाय बघा.

"मी हाणत असतो तर हे आलं असतं काय?" काका म्हणाला.

माझं टाळकं सटकलं. मोबाईलवर वाचलेलं सगळं बोलून टाकलं. एका प्रयोगात उंदराच्या कोवळ्या पिल्लांना एक वास द्यायचे आणि सोबत करंटचा झटका. तरी ती त्या वासाकडेच जायची. त्या वयात मेंदूतला भीती शिकवणारा भाग कामाला लागलेला नसतो, चिकटायला शिकवणारा मात्र जोरात चालू असतो. आंधळं पिल्लू पळणार कुठे? दूध ज्या वासाचं, तोच वास धरायचा. मार बसला तरी.

"ह्याला जीव लावणं म्हणू नका काका. त्याच्याकडे दुसरं कोण नव्हतं."

काकाने माझ्या शेजारी उभ्या प्रणयकडे बोट केलं. "ह्याला काय कमी हाणलाय? गेला काय मला सोडून?"

काकी परत हसली. प्रणय वाकला. पिल्लू उचललं, बापाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यात गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं. काका पुढे आला. प्रणय मधून हलला नाय. शेवटी काका शिव्या घालत गेला.

लांबून डंपर चालू झाल्याचा आवाज आला. पिल्लू कुंईकुंई करायला लागलं, मग टॉवेलमध्ये तोंड खुपसून झोपलं. मी म्हटलं, हा घाणेरडा टॉवेल आधी धुवून टाकतो.

"राहू दे," प्रणय म्हणाला. "मलापण अजून त्याच वासाने झोप लागते."

त्याला शब्द दिला. पिल्लू परत जाणार नाय. आणि ते आपणहून सोडेपर्यंत टॉवेल धुणार नाय.