सतरावा शोधनिबंध

"यादीतला सतरावा निबंध खोडा," बाई म्हणाल्या.

टेबलापलीकडे तिघे होते. मधे अध्यक्ष, ते वनस्पतिशास्त्राचे, चुंबकाशी त्यांचा संबंध घरच्या कपाटाच्या दारापुरता. डावीकडे कुलसचिव, मान खाली घालून लिहून घेत होते. उजवीकडे बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ. चुंबकीय पदार्थांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. माघारी सगळे त्यांना 'चुंबकसर' म्हणत.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला येऊन स्वतःचंच काम खोडायला सांगणारा उमेदवार त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

बाईंची ही शेवटची संधी होती. पुढच्या महिन्यात वयाची अट आडवी येणार होती. ज्यांना त्यांनी लंबकाचे झोके मोजायला शिकवलं, ती पोरं प्राध्यापक होऊन बसली होती. आणि एकूण तेहतीस निबंधांत नाव झालं ते या एकाचंच. जो पदार्थ एरवी चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याचा केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ थर काचेवर चढवला की तो चुंबकीय होतो, असं त्यात मांडलं होतं.

त्या काळी भांड्यातली हवा काढायलाच अख्खी सकाळ जायची. पंप दमेकऱ्यासारखा खोकत सुरू व्हायचा. आलेख हाताने, काळ्या शाईने काढायचा. एक डाग पडला की पुन्हा पहिल्यापासून. हा आलेख बाईंनी चार वेळा काढला होता.

थोरल्या बहिणीला सगळं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ताईने सकाळीच बजावलं होतं. खरं बोलायची एवढी हौस असेल तर निवड झाल्यावर बोल. पद हातात असलं की खरं बोलायला आवाजही बरा लागतो.

निबंध चुकलाय हे कळलं कसं, असं अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि त्यातला पोलादी चिमटा टेबलावर ठेवला. थर चढवलेल्या काचा उचलायला त्या तो वापरत. प्रयोगशाळेतला चिमटा मोडला तेव्हा वर्कशॉपच्या मिस्त्रींनी भंगारातली पट्टी घासून हा करून दिला होता. मागच्या सुट्टीत कपाट आवरताना जुन्या काचा सापडल्या आणि बाईंनी सहज पुन्हा मोजल्या. आकडे तेच आले. मग कडा आम्लाने पुसल्या, तर चुंबकत्व गायब. थरात ते कधी नव्हतंच. चिमट्याच्या टोकाचं लोखंड कडेला लागत होतं.

"म्हणजे आलेखातले आकडे या चिमट्याचे?" अध्यक्षांनी तो उचलून उजेडात धरला.

"याचेच, आणि माझ्या हाताचे. दुसरा चिमटा असता तर आकडे वेगळे. प्लास्टिकचा असता तर शून्य."

चुंबकसर हसले. ह्या वयात माणूस उगीच जुनं उकरत बसतो, असं ते प्रेमाने म्हणाले. निबंध उत्तम आहे. शिवाय तो आता एकट्या बाईंचा राहिलेला नाही. छापून आला त्याच वर्षी त्यांनी स्वतः आपल्या प्रयोगशाळेत तो प्रयोग केला होता. सहाच्या सहा नमुन्यांचे आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत जुळले, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला.

बाईंनी मान हलवली. हे उपकार त्या विसरल्या नव्हत्या. तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं?

"स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेता?" चुंबकसरांचा आवाज मऊ झाला. "निबंध राहू द्या. शिफारशीवर मी आत्ता सही करतो."

त्यांनी पेनचं टोपण काढलंसुद्धा. बाईंच्या घशाशी 'बरं' आलं होतं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"नको, सर. पोरं अजून तो निबंध वाचून प्रयोग करतात. जमत नाही, आणि आपलाच हात वाईट म्हणून रडतात. गेल्या वर्षी एकीने संशोधन सोडलं. चांगली होती हो."

चुंबकसरांनी टोपण लावलं. ज्यांना आपल्याच कामाची खात्री नाही त्यांची शिफारस कशी करणार, ते म्हणाले. आवाज आता मऊ नव्हता. कुलसचिवांनी तेही लिहून घेतलं. बाईंनी पर्स उचलली.

अध्यक्ष मात्र अजून चिमटा बोटांत फिरवत होते. झाडापानांचा माणूस; त्यांना मनापासून कुतूहल वाटत होतं.

"एक कळलं नाही, सर," ते चुंबकसरांकडे वळून म्हणाले. "हा चिमटा तर कायम इथेच होता. मग तुमचे आकडे तेच कसे आले?"