उंदरानं नेलेला पट्टा

"पण काका, याचा पट्टा कुठाय?" करवतीचं मशीन विकत घ्यायला आलेल्या प्रीतीनं खाली वाकून बघत विचारलं, आणि चहा घेऊन येणारी शालूबाई शेडच्या दारातच थबकली.

"पट्टा उंदरानं न्हेला," आकाराम स्टुलावरनं शांतपणे म्हणाला. "गेल्या श्रावणात. आमच्या मंडळींनी डोळ्यांनी बघितलाय उंदीर."

"व्हय," शालूबाईनं कसंबसं म्हटलं. "पडवीतनं पळत हुता."

"मोटारीचा पट्टा ओढून नेला? केवढा असेल तो."

"मोठाच हाय आमच्या घरातला," आकाराम म्हणाला आणि चहाची कपबशी घेतली.

आता खरं सांगायचं तर उंदीर म्हणजे शालूबाईच. पट्टा आत तिच्या ट्रंकेत होता, लग्नातल्या साडीच्या घडीखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. आकारामचा उजवा हात थरथरायला लागला होता. एका दुपारी फळी सरकवताना बोट पात्याला असं चाटून गेलं, की नखाचा तुकडा भुशात पडला. तो हसला. तिला काही हसू आलं नाही. तो जेवून आडवा झाल्यावर तिनं शेडात येऊन पट्टा उतरवला आणि पदराखाली घालून आत नेला. खोटं बोलायची सवय नसली की माणूस सगळं उंदरावर ढकलतं.

आकारामनं फार चौकशी केली नाही. "त्या मापाचा आता कुठं मिळायला बसलाय," एवढंच म्हणाला, आणि मशीन बंद पडलं ते पडलंच. दिवाळीनंतर त्यानंच जावयाला फोटो काढून मोबाइलवर टाकायला सांगितला, म्हणाला, इकून टाकू. शालूबाईच्या जिवात जीव आला. पण पट्ट्याविना मशीन कोण घेणार? गिऱ्हाइकं येत, चहा पीत आणि निघून जात. आकाराम मात्र रोज सकाळी फडकं घेऊन मशीन पुसायचा, आणि ती दारातनं त्याच्या बोटांकडं बघत राहायची. मशीन जायला हवं तर पट्टा हवा, आणि पट्टा काढावा तर चोरी उघडी. चोरीचं एक वेळ चाललं असतं, पण ज्या हातानं अर्ध्या कागलची दारं-खिडक्या केल्या, त्या हातावर बायकोचाच भरवसा उरला नाही हे त्याला कळलं असतं, आणि तेच तिला नको होतं.

ही प्रीती मात्र चहा पिऊन जाणाऱ्यातली नव्हती. कोल्हापुरात बँकेत नोकरीला होती, आणि गाडी लावायच्या जागेत गाडीऐवजी रंधे-पटाशा मांडून बसली होती. "मालक मागनं येत्यात व्हय?" असं आकारामनं आल्या आल्या विचारलं, तेव्हा "मालक घरी भाकरी करतायत. मशीन मला पाहिजे," म्हणाली. तेव्हापासून तो तिच्यावर खूश होता.

तिनं पर्समधनं दोरी काढली, पट्टा बसतो त्या दोन्ही पुल्यांभोवती फिरवून माप घेतलं.

"हे तर साधं माप आहे की काका. कुठल्याही दुकानात मिळेल. मी घेऊन येते, पण चालवून बघितल्याशिवाय नेणार नाही हं."

साधं माप? शालूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तो बशीतल्या चहावर फुंकर घालत होता.

ती गुपचूप आत गेली. ट्रंक उघडली, पट्टा पदराखाली घेतला. कपाटामागं सापडला म्हणावं, असं घोकत ती परत आली, तर आकाराम आपल्या हत्यारांच्या पेटीशी उकिडवा बसलेला. त्याच्या हातात कोरा पट्टा होता. दुकानाचं कागदी वेष्टणसुद्धा निघालेलं नव्हतं.

"होता की मग!" प्रीती म्हणाली.

"हाय की. उंदरानं न्हेल्याव दुसऱ्याच दिवशी आणलाता."

"मग चढवला का नाही?"

एरवी कुणी आलं की आकाराम उजवा हात टॉवेलाखाली ठेवायचा. आज तो हात तसाच गुडघ्यावर थरथरत होता.

"आणला त्या दुपारी बघितलं, तर ही निवांत झोपलीती. मी शेडात असलो की हिचा डोळा लागत न्हवता कवा. म्हटलं, ऱ्हाऊ दे पेटीतच." त्यानं पट्टा पुढं केला. "तुम्हीच चढवा, ताई. ह्यो हात आता त्या पात्याजवळ नको."

प्रीतीनं पट्टा चढवला, ताण बघितला, बटण दाबलं. कितीतरी दिवसांनी शेडचा पत्रा घुमला. तिनं एक फळी सावकाश पुढं सरकवली. भुसा आकारामच्या पायावर पडला. मोटार पूर्ण थांबेपर्यंत तो डोळे मिटून ऐकत होता.

"न्या," तो म्हणाला. "चांगल्या हातात चाललंय."

शालूबाईला रडू फुटत होतं. पदराखालचा पट्टा तिनं पोटाशी घट्ट धरला होता. मशीन टेंपोत चढलं, दोर बांधून झाले, तशी ती हळूच आत वळली. पट्टा पुन्हा ट्रंकेत ठेवला की झालं.

"शालू," आकारामनं मागं न बघताच हाक मारली, "त्यो उंदरानं न्हेलेला बी दे त्यांस्नी. जादाचा असल्याला बरा."