पाऊण चाक पाणी

दवाखान्यामागच्या चढावर गवत कापताना छोट्या ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि माळीणमावशी ट्रॅक्टरसकट तिसऱ्यांदा घसरत खाली आल्या. सुपरवायझर बघतच होता.

"मावशी, हे तुमचं काम नव्हे. उद्यापासून ड्रायव्हर चालवेल, तुम्ही कुंड्या बघा."

जेवणाच्या सुट्टीत मावशींनी ट्रॅक्टर जॅकवर घेतला, टायरच्या व्हॉल्व्हला नळी लावली आणि मागची दोन्ही चाकं पाऊण-पाऊण पाण्याने भरून टाकली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर एका दमात चढ चढून गेला.

"बघा, याला म्हणतात हात," सुपरवायझर मावशींना ऐकू जाईल असं म्हणाला.

ड्रायव्हर खाली आला, उतरला आणि चाकावर थाप मारून हसला. "साहेब, हात माझा नाही. चाकांत पाणी भरून कुणीतरी वजन वाढवलंय, म्हणून पकड आली."

सुपरवायझर मावशींकडे वळला. "मला न विचारता भरलंत?"

"विचारलं असतं, तर तेही तुम्ही यालाच करायला सांगितलं असतं," म्हणत मावशींनी किल्लीसाठी हात पुढे केला.

ड्रायव्हरने साहेबांकडे न बघताच ती मावशींच्या हातावर ठेवली.