वीतभर चिरा

"माय, आतलं काम एकच आहे. फक्त आत शिरायची वाट वेगळी." मच्छिंद्रने चौथ्यांदा वही उघडली.

झुंबरबाई दवाखान्याच्या बाकावर पुढे वाकून बसली होती, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. "मला मोठंच ऑपरेशन करायचंय," ती म्हणाली.

मणक्याचे डॉक्टर औरंगाबादहून जालन्याला यायचे ते फक्त महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी. आज कोणतं ऑपरेशन ते सांगितलं नाही, तर तारीख पुढच्या महिन्यावर जाणार होती. झुंबरबाईच्या कमरेत नसांची नळी अरुंद झाली होती. पन्नास पावलं चालली की पाय बधिर व्हायचे, बसावंच लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही प्रकार चालतील. दोन वर्षांनी पाहिलं तर गुण जवळपास सारखाच. तुम्ही ठरवा.

मच्छिंद्र बीएस्सी. त्याने तक्ता आखला होता. डावीकडे उघडं ऑपरेशन: चिरा चार-पाच इंच, रक्त जास्त, मुक्काम आठवडाभर. उजवीकडे दुर्बिणीचं: चिरा इंचाहून लहान, रक्त कमी, तिसऱ्या दिवशी घरी.

"मोठ्यात डॉक्टरला बराबर दिसतं," माय म्हणाली.

"दुर्बिणीतून आणखी मोठं दिसतं!"

"मंग राहू दे. मला मोठंच पाहिजे."

मच्छिंद्रने पेन बाकावर आपटलं. गेली तीन वर्षं मायची अशीच उलटी तऱ्हा. दिवसभर वाकून कापूस वेचायची, दुखतं म्हणून एक अक्षर बोलायची नाही. घराकडे निघाली की अर्ध्या वाटेत बांधावर बसायची. जाऊ गोजरबाई सगळ्यांदेखत म्हणायची, "महाराणीला बैलगाडी धाडा रे!" मच्छिंद्रनेही एकदा अंगणात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, की कंबर खरंच बिघडली असेल तर वाकल्यावर जास्त दुखायला पाहिजे. त्यावर सगळे हसले होते. झुंबरबाई उठून चुलीकडे गेली होती.

आज डॉक्टर म्हणाले, या आजारात उलटं असतं. वाकलं की नळी थोडी मोकळी होते, ताठ झालं की आवळते. मच्छिंद्रने ते तक्त्याखाली लिहून घेतलं होतं.

दार उघडून कंपाउंडरने विचारलं, "काय ठरलं? डॉक्टर निघालेत."

"दोन मिनिटं." मच्छिंद्रला शेवटचा मुद्दा आठवला. मायने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता: डाग लुगड्याच्या वर उघडा राहील का खाली झाकला जाईल? "वर," डॉक्टर म्हणाले होते.

"तुला डागाचीच काळजी आहे ना?" मच्छिंद्र म्हणाला. "मग दुर्बिणीचंच कर. नखाएवढा डाग. कुणाला दिसायचा पण नाही."

"त्याच्यासाठीच म्हणून राह्यले, बाबा." झुंबरबाईने पहिल्यांदा मान वर केली. "तो कमरेचा मशिनीतला फोटो गोजरबाईला दाखवला, तर म्हणती, ह्याच्यात समदं काळंच हाय. तिसऱ्या दिशी घरी गेले, तर म्हणतील, बघा, काहीच न्हवतं. चिरा पाहिजे. चांगला वीतभर. वेचायला वाकले की कपाशीच्या मागच्या तासातून दिसंल तिला."

मच्छिंद्रने वही मिटली.

"आन् तुला बी," ती म्हणाली.