नोंद पसरायला वेळ लागतो

डीएनएस या इंटरनेटच्या पत्तेवहीत नोंद चोख असली की जगातला कुठलाही कॉल घरी पोचतोच, असं नेटवर्कवाले खांबेटे छातीठोकपणे सांगत. लेकीच्या लग्नाला ते गेले नव्हते. तिने अबोला धरला. माफी मागून त्यांनी घरी स्वतः बसवलेल्या व्हिडिओ-यंत्राचा पत्ता तिला टोरांटोला पाठवला. कॉल मात्र आला नाही.

"नोंद जगभर पसरायला वेळ लागतो गं," ते बायकोला समजावत. ती रोज केस विंचरून पडद्यासमोर बसे.

"एवढा वेळ? बैलगाडीने जाते का तुमची नोंद?" महिन्याने तिने विचारलं.

शेवटी त्यांनी टोरांटोतल्याच मित्राला कॉल करायला सांगितलं. घंटी वाजली. बायको पिठाचे हात न धुताच धावली. पडद्यावर त्याचं टक्कल चकाकत होतं.

"वहिनी, एकदम स्वच्छ दिसताय! खांबेटे, नोंद चोख आहे रे!"

दुरुस्त करायला काहीच उरलं नव्हतं.