घरगाडीचा पोचा

हॅल्व्होरचा टोलेफ, टोलेफचा अन्सगर, अन्सगरची थोरली लेक मी, सोल्व्हेग. आमच्या कुळात चूक कबूल करण्याची प्रथा नाही. मोटारीमागे ओढायच्या वडिलांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घरगाडीला पोचा मी पाडला, दोष धाकट्या बहिणीवर, इंगावर गेला. मी साठ वर्षे गप्प राहिले. यंदा गाडी डागडुजीला काढली, तेव्हा तोच पत्रा बदलायचा होता. पत्रा जोडणारे रिव्हेट ठोकायला दोघे लागतात: मी बाहेरून ठोकत होते, इंगा आतून लोखंडी ठोकळा दाबून होती. चेहरा दिसत नव्हता, म्हणून धीर झाला. "इंगा, हा पोचा माझा." आतून हसू फुटले. "ताई! त्यापायी बाबांनी अख्खा उन्हाळा मला नऊ जणांची भांडी घासायला लावली!" दुरुस्त गाडी तळ्याकाठी नेली, सप्टेंबरपर्यंत भांडी मीच घासली. इंगा खुर्चीतून ओरडे, "ताई, तव्याला मासा चिकटलाय!" शेवटचे ताट पुसून ताठ मानेने म्हणाले, "फिटलं."