सतरा इंची चाकं

“वाच, काय लिहिलंय?” रवींद्ररावांनी टायरच्या कडेवर बोट ठेवलं.

“दोनशे पंचवीस, पंचावन्न, सतरा,” मृणालिनीबाईंनी वाचलं. दुकानात आल्यापासून त्या नुसत्या आकडे वाचत होत्या. नवरा आपली परीक्षा घेतोय याची त्यांना खात्री होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण मास्तरकी काही सुटत नव्हती.

“आणि ही बाजूची खूण?”

“डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल, म्हणजे बर्फात चालणारा टायर. पास झाले का मी?”

गेल्या हिवाळ्यात रवींद्ररावांनी नवीकोरी सेडान शेजाऱ्याच्या गॅरेजच्या दारावर घातली होती. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला विंटर टायर घालणं म्हणजे निव्वळ भित्रेपणा, असं ते मराठी मंडळाच्या दिवाळीत ज्याला त्याला ऐकवत फिरले होते. दार चेपलं तेव्हा सगळा दोष गाडीबरोबर आलेल्या एकोणीस इंची चाकांवर गेला. चूक स्वतःकडे घेतील तर ते रवींद्रराव कसले! मग दूरच्या मिल्टनहून मुलीचा फोन आला. “आई, या विंटरला पुन्हा काही झालं ना, तर घर सेल करायचं,” उमाने बजावलं. “आमचं बेसमेंट रेडी आहे. नो मोअर आर्ग्युमेंट्स.”

मृणालिनीबाईंना ते बेसमेंट नको होतं. तिथल्या खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसत. इथे एडमंटनमध्ये त्यांचं पोहणं होतं, प्रभासारखी मैत्रीण होती, आणि स्वतःच्या हाताने लावलेलं सफरचंदाचं झाड होतं. हे सगळं आता चार टायरांवर येऊन ठेपलं होतं, आणि निवड करणार होते रवींद्रराव.

त्यांनी उन्हाळाभर घोळ घातला. मुलीसाठी स्थळं पाहतानासुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती. एकोणीसचे अठरा झाले, अठराचे सतरा. ज्या चकचकीत चाकांवर भाळून गाडी घेतली, ती काढून आता काळी लोखंडी चाकं लागणार होती.

“चाक लहान घेतलं की रबराची कड उंच मिळते,” ते समजावत. “खड्डा सोसते. आणि टायर अरुंद असला की बर्फ कापत जातो.”

“मग सोळा घ्या की. अजून अरुंद.”

“सोळाचं चाक आपल्या ब्रेकवरून बसत नाही. एवढं साधं कळत नाही तुला?”

कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. माणूस म्हातारा झाला की चिकट होतो, एवढाच अर्थ त्यांनी काढला होता.

त्यात ऑगस्टपासून रवींद्ररावांचा खांदा धरला होता. त्यांच्या बेडेकर घराण्यात गाडी पुरुषाने चालवायची असा जणू कायदाच होता. लायसन्स असूनही मृणालिनीबाईंच्या वाट्याला उन्हाळ्यातली ग्रोसरी तेवढी यायची. आता रोज त्याच चालवत होत्या. गाडी बटणावर सुरू व्हायची, किल्ली जवळपास असली की पुरे. ती मात्र अजून रवींद्ररावांच्याच खिशात असे. शेजारी बसून ते सारखे विचारत, “लाल आहे का गं? पाटीवर काय लिहिलंय?” सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेऊन ते त्यांना पुन्हा पुन्हा ब्रेक मारायला लावत. “चारही चाकं गाडी ओढतात, थांबवत नाहीत. पुन्हा!” या वयात ही सर्कस! मृणालिनीबाई मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत ब्रेक दाबत.

दुकानाचा मालक गुरमीत कंटाळून जवळ आला. “अंकलजी, ऑल-व्हील ड्राइव्ह है, ऑल-सीजन भी चलेगा. वैसे गाडी चलाता कौन है?”

घ्या, आता हे फुगणार, असं मनाशी म्हणून मृणालिनीबाईंनी तोंड फिरवलं.

“मुझे दिखता नहीं,” रवींद्रराव म्हणाले. “डॉक्टर ने गाडी बंद कर दी. इसको दिखता है, पर चलाना नहीं आता. इसलिए सबसे अच्छा टायर दे दो.”

ऑगस्टपासून वाचलेले सगळे आकडे आणि पाट्या एकदम मृणालिनीबाईंच्या अंगावर आल्या. संताप आला, रडूही आलं, आणि दुकानात दोन्ही करता येईना.

“आणि खांदा?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“खांदा ठणठणीत आहे. उमाला मात्र खांदाच सांग.”

गुरमीतने गाडी आत घ्यायला किल्ली मागितली. रवींद्ररावांनी ती खिशातून काढली. “इसके पास मांगो. अब से इसकी है,” म्हणत त्यांनी किल्ली बायकोपुढे धरली, तिच्या हातापासून वीतभर बाजूला.

“धांदरट कुठले,” मृणालिनीबाई म्हणाल्या, आणि गुपचूप आपला हात किल्लीखाली नेला.